अभ्यासपाठ : पत्र्याच्या घराचे आढे



या वेळचा पाठ घराच्या छपराविषयी आहे. वस्त्यांवर जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना आरोग्य, शिक्षण, बचत गट हे विषय पाठ असतात. छपराकडे मात्र आपण पाऊस गळायला लागल्याशिवाय वर पाहत नाही. मीही पाहत नव्हते. कन्नड तालुक्यातल्या एका भिल्ल वस्तीवर एका मावशींनी मला ते पाहायला लावले.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. मावशींचे घरकुल नुकतेच पुरे झाले होते. विटांच्या भिंती, सिमेंटचा गिलावा, दोन पाख्यांचे पत्र्याचे छप्पर, दारावर निळा रंग. आणि त्या घराला खेटूनच तुराट्यांचा कूड उभा करून, वर गवत नि पाचट टाकून त्यांनी एक जुन्या धर्तीची झोपडी घातली होती. चूल तिथेच. दुपारी नातवंडेही तिथेच झोपलेली. घरकुलात धान्याची पोती, एक खाट आणि कोंबड्यांची दुरडी.

मी माझ्या सवयीने बोलून गेले, "मावशी, सरकारनं एवढं पक्कं घर दिलं, आणि तुम्ही परत झोपडीतच?"

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, तुम्हीच आत जाऊन बसा की घटकाभर. मी भाकरी होईस्तोवर."

मी बसले. दोन भाकऱ्या होण्याआधीच बाहेर आले. डोक्यावर कोणीतरी तापलेला तवा धरल्यासारखे वाटत होते आणि आतली हवा हलतच नव्हती. बाहेरची झोपडी काही थंडगार नव्हती, पण तिथे श्वास घेता येत होता. त्या दिवशी मी छपराकडे पहिल्यांदा नीट पाहिले. घरकुलाच्या दोन्ही पाख्यांचे पत्रे वर जिथे मिळत होते, तिथे झाकणपत्रा घट्ट बसवून कडेच्या फटी सिमेंटने बुजवल्या होत्या. खाली भिंत आणि पत्रा यांच्यामधली जागाही बुजवलेली. खिडकी एकच, तीही बंद. घर नव्हते ते, झाकण लावलेला डबा होता.

पुढे जाण्याआधी तीन शब्द लक्षात घेऊ, कारण पूर्ण पाठ त्यांच्यावर उभा आहे. छपराच्या माथ्यावर, दोन उतार जिथे मिळतात तिथले आडवे लाकूड किंवा पाइप म्हणजे आढे. दोन्ही बाजूंचे उतार म्हणजे पाखे. आणि पाख्याची खालची, भिंतीबाहेर आलेली कड म्हणजे वळचण. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, ही म्हण आपण सगळेच वापरतो. पाण्याच्या बाबतीत ती खरीच आहे. हवेचे मात्र उलटे आहे. हवा वळचणीतून शिरते आणि आढ्यातून बाहेर पडते. एवढे एक वाक्य लक्षात राहिले तर बाकीचा पाठ विसरलात तरी चालेल.

जुने घर काय करत होते

गवताच्या छपराला आढ्यावर वेगळी फट ठेवावी लागत नसे, कारण सारे छप्परच श्वास घेत असे. चुलीचा धूर गवतातून झिरपत बाहेर जाई. पहाटे वस्तीवर गेलात तर प्रत्येक झोपडीच्या माथ्यातून धुराची वाफ निघताना दिसे. शेणामातीने सारवलेला कूड वरपर्यंत पुरता बंद नसे. भिंतीचा माथा आणि छप्पर यांत हातभर मोकळी जागा राही. तिथून हवा आत येई. जाताजाता तो धूर कामही करून जाई. चुलीवर टांगलेली मक्याची कणसे, बियाण्याच्या तुंबड्या यांना कीड लागत नसे आणि काजळी धरलेला बांबू बरीच वर्षे टिकत असे.

मराठवाड्यातल्या गावगाड्याच्या घरांची तऱ्हा वेगळी होती. ती माळवदाची : लाकडी सरे, त्यावर फळ्या किंवा काटक्या, त्यावर मातीचा जाड थर. एवढ्या जाड मातीतून धूर झिरपणार नाही, म्हणून माळवदाला साणे ठेवत. छताला पाडलेले ते चौकोनी भोक, पावसात वर दगड किंवा पत्रा ओढून झाकायचे. उजेडही तेच, धुराडेही तेच. (मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चार माणसे छप्पर उकलून पक्षाघाती माणसाला खाली सोडतात, ते छप्पर याच जातीचे, फांद्या नि मातीचे. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना तो प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. शहरातल्या मुलांना लागतो.)

आता कोणी म्हणेल, मग पुन्हा गवताकडेच जाऊ या. मी तसे म्हणणार नाही. गवत दर दोन-तीन वर्षांनी बदलावे लागते आणि आता जंगलात गवत आणि बांबू पूर्वीसारखे मिळत नाहीत. एक ठिणगी पडली की झोपडी जाते. गवतात साप, विंचू, उंदीर. माळवदाचे तर ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात काय झाले ते या भागात कोणी विसरलेले नाही. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे ते जड छत कोसळून हजारो माणसे झोपेत गाडली गेली. पत्रा हलका आहे, कोरडा आहे, जळत नाही. लोकांनी पत्रा निवडला तो विचार करूनच. चूक पत्र्याची नाही. छप्पर बदलताना जुन्या छपराचे एक काम आपण नव्या छपराला द्यायला विसरलो, ती चूक.

आत नेमके काय होते

गरम हवा हलकी असते, म्हणून वर चढते. आढे बंद असेल तर ती तिथेच साचते आणि दुपारभर थर खाली खाली उतरत येतो, आधी उभ्या माणसाच्या डोक्यापर्यंत, मग बसलेल्याच्या. चूल पेटली असेल तर धूरही तसाच. चुलीपुढे बसलेल्या बाईचे आणि तिच्या पाठीवरच्या लेकराचे डोके त्या थरात असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात घरातल्या धुरामुळे सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, त्यांत पाच वर्षांखालची मुले २ लाख ३७ हजारांहून अधिक. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि वस्त्यांवर गॅसची शेगडी पोहोचली हे खरे, पण टाकी भरायला पैसे नसले की शेगडीवर डबे ठेवलेले दिसतात आणि चूल पेटलेली दिसते. वस्त्यांवर फिरणाऱ्यांना हे सांगायला नको.

माथ्याला फट दिली आणि खाली हवेला यायला जागा दिली तर किती फरक पडतो? याचा हिशोब भौतिकशास्त्राच्या साध्या सूत्राने करता येतो. मी तो एका अभियंत्या मित्राकडून तपासून घेतला. दहा फूट बाय बारा फुटांची खोली धरा. बारा फूट लांबीच्या आढ्यावर चार इंचांची फट, म्हणजे चार चौरस फूट वाट. खालीही तेवढीच. दोन्हींमध्ये साडेसहा फुटांची उंची, आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा सहा अंशांनी गरम. वारा अजिबात नाही असे धरले तरी खोलीतली सगळी हवा साधारण चार मिनिटांत बदलते. जाळ्या लावल्या की वेग कमी होतो. तरी पाच ते दहा मिनिटांत एकदा. वारा असेल तर आणखी लवकर, कारण आढ्यावरून वाहणारा वारा आतली हवा ओढून घेतो.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट कळते, जी मला आधी ठाऊक नव्हती. खालची वाट आणि वरची वाट यांतली उंची चौपट केली तर हवेचा वेग फक्त दुप्पट होतो, पण दोन्ही वाटा दुप्पट केल्या तर हवा थेट दुप्पट जाते. म्हणजे छप्पर फार उंच नेण्यात पैसे घालण्यापेक्षा फटी मोठ्या ठेवणे स्वस्त आणि फायद्याचे.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आढे उघडल्याने साचलेली गरम हवा जाते, तापलेल्या पत्र्याची धग जात नाही. मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात टेकवत नाही, आणि ती धग विस्तवाच्या धगीसारखी थेट अंगावर येते, हवा हलो की न हलो. तिच्यासाठी वेगळा उपाय लागतो, त्याकडे पुढे येते.

कांद्याला आहे, यंत्राला आहे

ही काही नवी विद्या नाही. आपल्या जिल्ह्यात वैजापूर, गंगापूर, कन्नडकडे रस्त्याने जाताना कांदाचाळी दिसतात. जमिनीपासून उचललेला फळ्यांचा तळ, त्यातून खालून हवा. बाजूंना पट्ट्यांच्या भिंती. वर कौले किंवा पत्रा. शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही की हवा कोंडली तर कांदा सडतो. कोंबड्यांच्या शेडलाही माथ्यावर उघडी वाट ठेवतात, नाहीतर उन्हाळ्यात एका दुपारी पक्षी मरतात. चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत शेडच्या माथ्यावर गरगर फिरणारी पत्र्याची गोल डोकी पाहिली असतील. ती गरम हवा बाहेर ओढतात. त्या शेडमध्ये पाळी करून आलेला आमच्या वस्तीचा मुलगा रात्री ज्या खोलीत झोपतो, तिच्या माथ्याला मात्र काहीच नाही. पुंडलिकनगरात मी राहते त्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या गच्चीवर अशी पत्र्याची खोली भाड्याने दिलेली आहे. मुले रात्री अकरापर्यंत खोलीबाहेर कट्ट्यावर बसतात. ती उनाडक्या करतात असा शेजाऱ्यांचा समज. आत बसता येत नाही हे कोणी पाहत नाही.

जुने कारागीर किती बारकाईने छपराकडे पाहत, हे बघायचे तर शहरापासून तीसेक किलोमीटरवर वेरूळला दहावे लेणे आहे. लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. अखंड दगडात कोरलेले, तरी छताला लाकडी वाशांसारख्या कमानदार फासळ्या काढल्या आहेत, आणि दर्शनी भिंतीत वर, सज्जाच्या पातळीवर, मोठे गवाक्ष. दगडाला वासे नकोत. पण ज्या लाकडी घरांवरून ते कोरले, त्यांत छपराखालची ती उंच खिडकी उजेडाची आणि हवेची वाट होती, आणि कोरणाऱ्याला ती सोडावीशी वाटली नाही.

मंगलोरी कौलांची कथाही आपल्यासारख्या मिशनच्या कामाशी जोडलेली आहे. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत अडकणारी ही खाचेची कौले पुढे कोकणापासून मराठवाड्यापर्यंत शाळा, दवाखाने, रेल्वे स्टेशनांवर चढली. कौले कितीही नीट बसवली तरी सांध्यांतून थोडी हवा जातेच, म्हणून स्वयंपाकघरावर ती चांगली. आज कौले महाग आणि बसवणारे कमी. पण त्या जुन्या इमारतींत छताजवळ भिंतीला झरोके आहेत ते पाहा, आणि त्यांपैकी किती आपणच नंतर विटा लावून बुजवले तेही.

माझी चूक

मावशींच्या घरातून आल्यावर मी फार उत्साहात होते. आमच्या एका अभ्यासिकेची खोली दोन पाख्यांच्या पत्र्याची होती. एका वेल्डरला बोलावले आणि आढ्यावरचा झाकणपत्रा चार इंच उचलून घेतला. मे महिन्यात मुलांना विचारले, फरक पडला का? मुले भली, म्हणाली, "थोडा पडला, ताई." पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते की पडलेला नाही.

कारण साधे होते. वर वाट दिली, खाली दिलीच नाही. खिडक्या चोरीच्या भीतीने बंद, दार बंद, भिंतीच्या माथ्याच्या फटी सिमेंटने भरलेल्या. बाटलीचे तोंड उघडे ठेवून ती उलटी केली तर पाणी गटगट अडखळत पडते, कारण आत हवा यायला जागा नसते. आमच्या खोलीत तसेच झाले. वरच्याच फटीतून थोडी हवा बाहेर, थोडी आत.

मग जूनचा पहिला वळीव आला, वाऱ्यासकट. झाकणपत्रा उचलला होता, पण त्याची रुंदी तेवढीच ठेवली होती. पाणी तिरके आत शिरले आणि वह्यांचे एक कपाट भिजले. मुलांनी स्वतःच वर चढून प्लास्टिक बांधले. दोष वेल्डरचा नव्हता. मी सांगितले तेच त्याने केले. पुढे जे लिहिते आहे ते त्या भिजलेल्या वह्यांनी शिकवलेले आहे.

कसे करावे

पहिल्यांदा खालची वाट. वरच्या फटीइतकी किंवा त्याहून थोडी जास्त, कमी कधीच नको. सगळ्यात सोपी जागा म्हणजे भिंतीचा माथा आणि पत्रा यांमधली, वळचणीखालची फट. ती सिमेंटने न भरता तिथे चिमणजाळी ठोकावी. त्याहून चांगले म्हणजे भिंतीत खाली, गुडघ्याच्या उंचीवर, जाळीच्या विटा बसवणे. वाट जितकी खाली तितकी ओढ जास्त, आणि हवा झोपलेल्या माणसाच्या अंगावरून जाते. सापाची भीती रास्त आहे. म्हणून खालच्या वाटेला बारीक, गंजणार नाही अशी जाळी आणि तिची चौकट भिंतीत पक्की. बारीक जाळी निम्मी हवा अडवते. तेव्हा जाळी लावायची तर वाट दुप्पट धरायची. मच्छरजाळीत धूळ आणि काजळी बसते, ती दिवाळीच्या साफसफाईत झाडावी, नाहीतर दोन वर्षांत ती भिंतच होते.

मग आढे. दोन्ही पाख्यांचे पत्रे माथ्यावर एकमेकांना न भिडवता मध्ये चार इंच अंतर ठेवायचे. दोन्ही टोकांना फूटभर जागा सोडून फट संपवायची, म्हणजे कडेच्या वाऱ्याने पाणी आत येत नाही. फटीकडच्या पत्र्याची कड पकडीने इंचभर वर वळवायची. हे छोटे काम फार महत्त्वाचे आहे. तिरका पाऊस पत्र्यावरून वर सरकत येतो तो त्या वळवलेल्या कडेला अडतो. आमच्या अभ्यासिकेत हेच राहिले होते. फटीवर झाकणपत्रा, ज्याला पत्रेवाले रिज म्हणतात, तीन इंच उचलून बसवायचा, आणि तो फटीच्या दोन्ही बाजूंना दहा-बारा इंच तरी खाली उतरलेला हवा. बाजारात तयार मिळणारी रिज या कामाला बहुधा अरुंद पडते. साधा सपाट पत्रा मधोमध वाकवून घेतला तरी चालतो.

आता वारा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये अवकाळी वादळ येते तेव्हा उडतात ते पत्रेच, आणि उचललेल्या झाकणाखाली वारा शिरला तर तो ते वर ढकलतो. म्हणून झाकणपत्रा छपराच्या पत्र्याला स्क्रूने लावून भागत नाही. लोखंडी पट्टीच्या टेकण्या दीड-दीड फुटावर, आणि त्या खालच्या आडव्या पाइपला किंवा लाकडाला बोल्टने जखडलेल्या. प्रत्येक बोल्टखाली डांबरी वायसर. काम झाले की दोघांनी झाकण धरून हलवून पाहावे. हलले तर पुन्हा आवळावे. वस्त्यांवर पत्र्यावर दगड ठेवून भागवतात, तसे झाकणावर मुळीच ठेवू नयेत. वादळात तेच दगड खाली येतात.

वस्त्यांवरची बरीच घरे आणि गच्चीवरच्या साऱ्या खोल्या एका पाख्याच्या असतात, त्यांना आढे नसते. तिथे छपराची उंच बाजू हेच आढे समजायचे. उंच भिंतीचा माथा आणि पत्रा यांत सहा इंचांची जागा, तिला जाळी, आणि पत्रा बाहेर दीड फूट काढलेला. खालची वाट समोरच्या ठेंगण्या भिंतीत. हे सगळ्यात स्वस्त काम आहे. विटांची एक ओळ काढली की झाले. मात्र उंच बाजू पावसाच्या वाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला, नसावी.

सिमेंटच्या पत्र्याला हात लावताना सावध. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि तो पत्रा करवतीने कापला किंवा भोक पाडले की त्याची धूळ छातीत जाते. तिच्यामुळे होणारे आजार कैक वर्षांनी उमटतात. असे पत्रे कापायचे नाहीत. फक्त माथ्याचे तुकडे सोडवून, उचलून पुन्हा बसवायचे, तेही पत्रा ओला करून. आणि त्यावर पाय देऊन कधी उभे राहायचे नाही, फळी टाकूनच चढायचे. सिमेंटचा पत्रा सांगून फुटत नाही. लोखंडी पत्र्यावर चढण्याआधी घराचा मेन स्विच बंद, कारण वस्तीवर वायर पत्र्याला घासून गेलेली असतेच.

धग आणि माळा

पत्र्याच्या धगीचा उपाय दुहेरी आहे. वरून पांढरा चुना. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेविरुद्ध शहराचा आराखडा केला, आणि पुढे तिथे झोपडपट्ट्यांची छपरे चुन्याने पांढरी करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच काढले. चुना दरवर्षी उन्हाळ्याआधी लावावा लागतो. डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळला तर पहिल्या पावसात धुऊन जात नाही.

आतून पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूचे तट्टे बांधायचे. धग तट्ट्यावर अडते. तट्टा आणि पत्रा यांमधली पोकळी हाच मग आपला माळा, आणि आढ्याची फट खरी कामाला येते ती इथे : पोकळीतली तापलेली हवा वळचणीकडून आढ्याकडे वाहत राहते, खोलीत उतरत नाही. माळा बंद ठेवून नुसते तट्टे लावले तर संध्याकाळपर्यंत तट्टाही तापतो, आणि पावसाळ्यात पत्र्याच्या आतून घाम सुटून तो कुजतो. अमेरिकेतल्या बांधकामाच्या नियमांत अशा माळ्याला जमिनीच्या क्षेत्रफळाच्या दीडशेवा भाग इतकी वाट सांगितली आहे. वाट निम्मी वर, निम्मी खाली वाटली तर तीनशेवा भागही चालतो. आपल्या बारा बाय दहाच्या खोलीला दीडशेव्या भागाने एक चौरस फुटापेक्षा कमीच येते. म्हणजे माळा केला असेल तर आढ्यावर दोन इंचांची फटही पुरून उरते. पण चुलीच्या घराला हा हिशोब लावू नका. चुलीवर तट्टे बांधायचेच नाहीत, थर्माकोल तर कुठेच नाही, आगीला आमंत्रण. चुलीच्या खोलीत माळा नको, चार इंचांची मोकळी फट हवी, आणि जमेल तिथे धुराड्याची चूल.

केव्हा बोलावे

पत्रे चढल्यावर बोलून उपयोग कमी. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरात किमान २५ चौरस मीटर जागा असते, त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली असते, आणि सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने मिळतात. आदिवासी कुटुंबांसाठी राज्याची शबरी घरकुल योजना आहे. पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते ते हे : आवास योजनेत घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते, ठेकेदार नेमायचा नसतो. म्हणजे आढे बंद ठेवायचे की उघडे, जाळीच्या विटा कुठे, हे ठरवण्याचा हक्क त्या घरच्या बाईचा आहे. गवंड्याला सांगायची वेळ भिंत खिडकीच्या वर गेली की. तेव्हा जाळीच्या विटांना वेगळी मजुरी लागत नाही.

काम झाल्यावर परीक्षा उदबत्तीने करावी. दारे-खिडक्या बंद करून खालच्या जाळीजवळ उदबत्ती धरा; धूर आत ओढला गेला पाहिजे. मग शिडीवर चढून आढ्याजवळ धरा. धूर बाहेर गेला पाहिजे. खाली धूर उभाच राहिला तर खालची वाट कमी आहे. वर तो आतच घोटाळला तर झाकण फार खाली बसले आहे.

मावशींच्या घरकुलाचे आढे आम्ही पावसाळ्याआधी उघडले, या वेळी कड वळवून, रुंद झाकण घालून. वळचणीखालचे सिमेंट त्यांच्या मुलाने छिन्नीने काढले, जाळी त्यानेच ठोकली. दिवाळीनंतर मी गेले तेव्हा पोती एका कोपऱ्यात सरकली होती आणि नातवंडांचे अंथरूण आत आले होते. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला. कोंबड्यांची दुरडीही आतच होती, ती का हलवली नाही हे विचारायचे राहिले.

चूल मात्र अजून कुडाच्या झोपडीतच. मी काही बोलले नाही. मावशीच म्हणाल्या, "उन्हाळा जाऊ द्या एक. मग बघू."